तात्या टीव्हीवर येणार होते

माझे सासरे वारले, आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी ते टीव्हीवर येणार होते.

यात चमत्कार काही नव्हता. तात्या, म्हणजे माझे सासरे, पलूसचे. फौजेतून सुभेदार होऊन परतले आणि उसात रमले. त्यांचा ऊस बघायला लांबलांबून लोक येत. कुणीतरी ही गोष्ट मुंबईपर्यंत पोचवली आणि टीव्हीवरच्या शेतकऱ्यांच्या कार्यक्रमासाठी तात्यांना बोलावणं आलं. ते मुलाखत देऊन आले. ती कधी दाखवणार ते कळलं, तेव्हा मात्र ऐकायला तात्या उरले नव्हते. फडातच छातीत कळ आली, बांधावर बसले ते बसलेच.

त्यांचा घरात एकच फोटो होता. फौजेतला. त्यात टोपी आणि मिशा सोडून काही दिसत नसे. कॅमेरा समोर आला की ते सावधान उभे राहून डोळे मिटत. त्यामुळे माझ्या सासूबाईंनी, मामींनी, एवढंच सांगून पाठवलं, "एकदा बगू द्या त्यास्नी. चालताबोलता."

सांगलीकडे तेव्हा टीव्ही दिसतच नव्हता. आम्ही राहायचो त्या साताऱ्यात छपरावर उंच काठी उभारून अँटेना पुण्याकडे वळवली, तर पिठाच्या गिरणीत माणसं फिरताहेत असं काहीतरी दिसे. आणि सगळ्या भावकीत टीव्ही एकच होता. माझा! पुण्याच्या एका मित्राने नवा घेतला, तेव्हा त्याने जुना मला दिला. (देताना तो इतका आनंदात का होता, ते मला हळूहळू कळत गेलं.) संध्याकाळी विजेचा दाब उतरला की त्यावरचं चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं. बातम्या देणारी बाई सुरुवातीला धडधाकट असायची आणि शेवटच्या बातमीपर्यंत पार वाळून जायची.

ठरल्या दिवशी दुपारी पलूसहून ट्रक आला. त्यातून मामी, माझा मेहुणा दिनकर आणि जवळजवळ सगळी भावकी उतरली. मामी टीव्हीसमोर सतरंजीवर बसल्या, डोक्यावरचा पदर नीट केला, आणि बंद काचेकडे बघू लागल्या. बायकोने, सुमनने, मला खुणावलं. मी ऐटीत बटण फिरवलं.

ना उजेड, ना खरखर.

पुन्हा फिरवलं. मग मागून थोपटलं. मग बाजूने जरा जोरात थोपटलं.

"दाजी, बैल हाय का त्यो?" दिनकर म्हणाला.

"अहो, मेकॅनिकला बोलवा," सुमन म्हणाली.

आमचा मेकॅनिक भाच्याच्या बारशाला कोयनानगरला गेला होता. आणि खरं सांगायचं तर मला त्याची गरजही वाटली नाही. मी बँकेत कारकून असलो, तरी रेडिओदुरुस्तीचा अभ्यासक्रम टपालाने पूर्ण केलेला माणूस होतो! (परीक्षाही टपालानेच झाली होती. समोर रेडिओ नव्हता.)

मी मागचं झाकण काढलं. आत धूळ, काचेचे वॉल्व्ह आणि एका पालीचा संसार. पाल गेली. फ्यूज बघितला तर जळालेला.

"सापडलं!" मी म्हणालो. "फक्त फ्यूज."

नवा फ्यूज घातला, बटण फिरवलं. फट्! तोही गेला. आता, फ्यूज पुन्हा जातो म्हणजे आत कुठेतरी बिघाड आहे, हे अभ्यासक्रमाच्या पहिल्याच धड्यात होतं. पण भावकी बघत असताना माणसाला धडे आठवत नाहीत. मी फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळली. टीव्हीतली तार टिकली. घराचा फ्यूज गेला.

"तिथंबी जाड तार घाला की!" चुलत सासरे उत्साहाने म्हणाले.

घातली. मग खांबावर ठिणगी उडाली आणि आख्ख्या गल्लीची वीज गेली.

समोरच्या वकिलीणबाई दारात आल्या. "कुणाचं काम हे?"

सगळ्यांनी माझ्या हातातल्या पक्कडीकडे बघितलं. दिनकर सायकल मारत वायरमनला घेऊन आला. खांबावर चढण्यापूर्वी वायरमनने मला बजावलं, "साहेब, आता कशालाबी हात लावू नका." ऊन कलायला लागलं होतं. मामी अजून काचेकडेच बघत होत्या. त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता.

वीज आली आणि मी जाड तारा काढून पहिल्या धड्याकडे वळलो. शोधत गेलो तर एक भला मोठा कंडेन्सर फुगलेला सापडला. वीज साठवणारं ते नळकांडं आतून शॉर्ट झालं होतं. सुमनला दाखवायला मी प्लग उपसून हातात धरला. "आता वीजच नाही. धोका कसला?"

कंडेन्सरमध्ये प्लग काढल्यावरही वीज शिल्लक राहते. शेजारीच दुसरा, धडधाकट कंडेन्सर होता. माझा हात त्याला लागला. भिंतीपाशी सावध झालो, तेव्हा पक्कड माझ्या हातात नव्हती. ती चुलत सासऱ्यांच्या मांडीवर होती.

कुणी हसलं नाही. घरात सुतक फिटून थोडेच दिवस झाले होते. मामी मात्र उठून माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "जावईबापू, ऱ्हाऊ द्या. आमचं एक गेलं तेवढं बास."

तेव्हा मला खरंच रडू आलं. मी उठलो आणि आमचा चांगला चालणारा रेडिओ फोडला. त्यातला कंडेन्सर काढून टीव्हीत जोडला. तो त्या कामाला अपुरा होता, हे मला ठाऊक होतं. दुसरा आणायला वेळ नव्हता. सुमनने एवढंच विचारलं, "म्हणजे आता रेडिओही नाही?"

बटण फिरवलं. फ्यूज टिकला! एकेक वॉल्व्ह तांबूस उजळला. घुर्रर्र असा आवाज आला, आणि त्या घुरघुरीतून कार्यक्रमाचं संगीत. भावकीने टाळ्या वाजवल्या. आम्ही चित्राची वाट बघत बसलो.

चित्र आलंच नाही. आवाज निघण्यापुरता दाब मिळत होता, काच उजळण्यापुरता मिळत नव्हता. काळ्या काचेत आमचीच तोंडं दिसत होती. मी बटणं पिळली, अँटेनाची वायर हलवली. दिनकर छपराकडे धावायला उठला. तेवढ्यात मुलाखत घेणाऱ्याने नाव पुकारलं आणि घुरघुरीवर चढून तात्यांचा खर्जातला आवाज खोलीत आला.

"रामराम मंडळी."

"आवं!" मामींच्या तोंडून निघालं. मी अजून बटणाशी झटत होतो. त्या म्हणाल्या, "सोडा ते. सगळी गप ऱ्हावा."

मी बटण सोडलं. तात्या बेण्याबद्दल बोलले, पाण्याच्या पाळ्यांबद्दल बोलले. मुलाखतकाराने विचारलं, "फौजेत इतकी वर्षं होतात. तेव्हा शेती कोण बघायचं?"

"आमची कारभारीण," तात्या म्हणाले. "मी नुसता पेन्शन घिऊन आलो. रान तिनं राखलं. हे मी तिला कवा बोललो न्हाई. हितं बोलतो, म्हंजे घरी जाऊन बोलाय नको."

मामींनी पदराचा बोळा तोंडाशी धरला. सुमनने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. चुलत सासरे खिडकीबाहेर बघू लागले.

मग मुलाखतकाराने शेवटचा प्रश्न विचारला. "तात्या, तुमच्या विहिरीवरची विजेची मोटार इतक्या वर्षांत एकदाही जळाली नाही म्हणतात. काळजी कशी घेता?"

"त्यात काय? सोपं हाय. आमचं धाकटं जावई हायत, सातारला. लय शिकल्यालं. ते यायचं म्हटलं की मी मोटारीच्या खोलीला कुलूप घालतो."

पदराआड मामींचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. तेवढ्यात पदर सुटला. त्या हसत होत्या! तात्या गेल्यापासून पहिल्यांदा, डोळ्यांतलं पाणी न पुसता, गदागदा. मग सुमन, मग दिनकर, मग सगळी भावकी.

त्या संध्याकाळी टीव्हीवर बघायला काही नव्हतंच. म्हणून पलूसहून ट्रकने आलेली सगळी माणसं वळली आणि कार्यक्रम संपेपर्यंत माझ्याकडेच बघत बसली.