न प्यालेल्या चहाचं इतिवृत्त

फारूखभाई कागदोपत्री शिपाई. करमाडजवळ जालना रोडला शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांनी मिळून काढलेली एक कंपनी आहे, तिच्या ऑफिसात. झाडलोट करणं, कुलूप उघडणं आणि चहा करणं, एवढंच त्यांच्या नेमणुकीच्या पत्रात लिहिलेलं. पण गेली अकरा वर्षं संचालकांच्या बैठकीचं इतिवृत्त त्यांच्याच हातचं. याला कारण त्यांचं अक्षर. तरुणपणी ते शहागंजात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. उर्दू शाळेत शिकलेल्या या माणसानं मराठी गिरवलं ते किराणा, कापड आणि दवाखान्याच्या पाट्यांवर. पुढे फ्लेक्स आला आणि हातातला ब्रश सुटला. पोटासाठी ही नोकरी धरली, तेव्हा इतिवृत्ताचं जाडजूड रजिस्टर समोर आलं आणि गड्याच्या जिवात जीव आला. बायको सगीरा चिडवायची, "शादी मेरे से करे, और लाड उस रजिस्टर के करते!"

तर त्या रजिस्टरवरच आता गदा आली होती. नवे मॅनेजर शिवम साहेब एआयवाले. पोरगा वाईट मुळीच नव्हता. फारूखभाईंना चाचा म्हणायचा, डब्यातली भाजी पुढे करायचा. पण त्याला सगळं झटपट हवं असे. बैठकीसाठी त्यानं दोन विषय काढले. पहिला, एआयनं शोधून काढलेल्या बासष्ट निष्क्रिय सभासदांची नावं कमी करणं. दुसरा, पुढच्या बैठकीपासून इतिवृत्त एआयनंच लिहिणं. आणि ही नोटीस फळ्यावर लिहायचं काम आलं फारूखभाईंकडे! आपल्याच हकालपट्टीची नोटीस त्यांनी अशी झोकदार लिहिली, की येणारे-जाणारे थांबून बघू लागले.

"आबा को बोलो ना," सगीरा म्हणाली. आबा म्हणजे मुंजाबा, कंपनीचे अध्यक्ष. पण फारूखभाई हट्टी. रदबदली करून कलम हातात ठेवायची, तर ती धरायची कशाला, असं त्यांना वाटे. रात्री मात्र त्यांना झोप लागली नाही.

बैठकीला सातही संचालक आले. टेबलाच्या मधोमध शिवम साहेबांनी एक चपटं यंत्र ठेवलं. जो बोलेल त्याचं ते ऐकणार आणि लिहिणार. फारूखभाईंनी चहा मांडला आणि ते दाराशी उभे राहिले. साहेबांनी पडद्यावर रंगीत आलेख दाखवले. हे बासष्ट जण सहा महिन्यांत एकाही सभेला आले नाहीत, कंपनीच्या खरेदी केंद्रावर जनावर आणलं नाही, मेसेजला उत्तर दिलं नाही. "कुणाची हरकत?" त्यांनी विचारलं.

कुणी काही बोललं नाही. आबांनी पटका सारखा केला. संचालक मंजुळाबाई खिडकीबाहेर बघत बसल्या.

मिनिटभरात यंत्रानं लिहून दाखवलं, "सखोल चर्चेअंती ठराव एकमताने मंजूर." फारूखभाईंनी लांबून वाचलं. मराठी त्यांच्यापेक्षाही नेटकं होतं. आपलं काम संपलं, हे त्यांना तेव्हाच कळलं आणि वाईट वाटलं.

मग ते कप उचलायला पुढे झाले आणि थबकले. साहेबांचा कप तेवढा रिकामा होता. बाकी सातांवर साय धरली होती.

अशी साय त्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी पाहिली होती, पण तेव्हा समजली नव्हती. वजनकाट्याची शेड रस्त्याला न्यायचा विषय होता. सगळे गप्प बसले, म्हणून त्यांनी बेधडक "मंजूर" लिहिलं. शेड उभी राहिली आणि महिनाभर तिथं एक करडूसुद्धा आलं नाही. शेवटी आबांनी त्यांना बाजूला घेऊन विचारलं होतं, "फारूखभाई, त्या दिशी चहा कुणी पिला व्हता का?" या मेंढपाळ मंडळींत सोयरीक जमवायला गेलेला पाहुणाही मन मानल्याशिवाय चहाला तोंड लावत नाही. कौतुकानं सांगणाऱ्याला तोंडावर नाही म्हणायचं नाही, पण त्याचा चहाही प्यायचा नाही. त्यानंतर चहा तसाच राहिला, की फारूखभाई मुकाट्यानं लिहायचे, "विषय पुढील बैठकीवर."

आता बोलावं तर साहेबांना वाटणार, म्हातारा स्वतःच्या कलमेसाठी भांडतोय. न बोलावं तर बासष्ट घरं कंपनीबाहेर.

"साहेब," ते म्हणाले, "ठराव मंजूर नाय झाला. चाय वैसीच हाये, बघा ना."

शिवम साहेब कपांकडे बघतच राहिले. "चहाचा काय संबंध, चाचा?"

आबा खो खो हसले. "संबंध हाये साहेब. तुमच्या यादीत माझा भाऊ बिभीषण हाये. दिवाळी झाली की मेंढरं घिऊन निघतो, पावसाळ्याला माघारी येतो. तिकडं रानात कुठली रेंज, अन् कुठला मेसेज?"

"जे मेंढरामागं फिरत्यात तेच निष्क्रिय," मंजुळाबाई म्हणाल्या, "अन् आम्ही इथं पंख्याखाली बसलेले कामाचे व्हय?"

"मग मघाशी का नाही बोललात?"

"तुम्ही लई हौसेनं सांगत व्हते," आबा म्हणाले. "तोंड कसं पाडावं तुमचं?"

साहेबांनी यंत्राकडे पाहिलं, कपांकडे पाहिलं आणि त्यांनाही हसू फुटलं. यंत्रात लिहिलेलं त्यांनी पुसून टाकलं. पण विषयपत्रिका ती विषयपत्रिका. "आता विषय दोन," ते जरा हळूच म्हणाले.

"मी दुसरा चहा टाकतो," म्हणून फारूखभाई आत पळाले. निकाल ऐकायची छाती नव्हती. घरून आणलेलं सगळं अद्रक त्यांनी ठेचून टाकलं. शेवटचाच चहा असला तर तो फक्कड तरी होऊ दे. आठ कप टेबलावर मांडून ते मान खाली घालून परत आत गेले.

बऱ्याच वेळानं कप उचलायला ते रिकामा ट्रे घेऊन आले. संचालकांचे सातही कप तसेच काठोकाठ भरलेले. आठवा शिवम साहेबांचा, तोही भरलेला. साहेबांनी यंत्र बाजूला सारलं आणि रजिस्टर पुढे केलं. "चाचा, लिहा."

फारूखभाईंचे डोळे भरून आले. मग एकदम रागच आला. "लिखता साहेब, पण आधी प्या ना! थंड होतंय, किती अद्रक घातलं मी!"

"आधी लिव्हा," आबा कपाला हात न लावता म्हणाले. "आत्ताच पिलो तर तुमचं काम जाईल."

फारूखभाईंनी घाईघाईनं लिहिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं अक्षर वाकडं आलं.