रुळांवरचं लिंबू

झटका आला आणि यजमानांची उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. डॉक्टर म्हणाले, हात परत येऊ शकतो, पण आता हलला तरच. व्यायाम शिकवायला येणारी कानडी मुलगी त्यांच्या हातात रबरी चेंडू द्यायची. तो त्यांच्या मांडीवर नुसता पडून राहायचा.

जे. पी. नगरच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत त्यांची छोटी रेल्वे आहे. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन भिंतींना लागून फळ्या ठोकल्या आणि त्यावर रूळ घातले. एका टोकाला एक स्टेशन, दुसऱ्या टोकाला दुसरं, कोपऱ्यात वळण, त्याच्या अलीकडे बोगदा. तिला खेळणं म्हटलेलं त्यांना खपत नसे. एका डबीवरचं गोल बटण फिरवलं की रुळांत करंट येतो आणि गाडी सुटते. मी त्यांची चाकांची खुर्ची तिथे नेली आणि हात त्या बटणावर ठेवला. बोटं हलली. गाडी निघाली. ती मुलगी टाळ्या वाजवत म्हणाली, "अज्जा, स्वल्प आणखी!" रोज सकाळी तेच करायचं ठरलं.

मग दसऱ्याच्या आदल्या दिवशीची आयुधपूजा आली. सर्जापूर रोडवरून नणंद आली, झेंडू आणि कोहळा घेऊन.

"अण्णाचं आयुध पूजेवाचून ठेवायचं का, वहिनी?"

"वन्सं, त्या रेल्वेला फक्त फूल वाहतात ते."

"नुसतं फूल वाहून कसं भागेल? गाडी म्हणजे चाकाखाली लिंबू हवंच."

लिंबू गाडीपेक्षा मोठं होतं. नणंद हसून म्हणाली, "याच्याखाली तुझी गाडीच चिरडेल, अण्णा!" मग तिने लिंबू कापलं, कुंकू लावलं आणि वळणावर दोन्ही रुळांवर एकेक फोड पालथी ठेवली. यजमान बघत होते. त्यांच्या तोंडून आवाज आला. नणंद म्हणाली, "बघ, आवडलं त्याला." मला कोणाला अडवायला कधी जमलं नाही. फोडी संध्याकाळपर्यंत तशाच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी गाडी वळणावर जाऊन थांबली. त्यांनी बटण आणखी फिरवलं, जोर लावून, मान वाकडी करून. गाडी हलली नाही. ते आपल्या हाताकडे बघत राहिले. मग डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला आणि त्यावर चादर ओढली.

"अहो, हाताचं नाही ते. रुळाचं आहे."

त्यांनी डोळे मिटले. त्यानंतर मी बटणावर ठेवलेला हात तिथेच पडून राही, दुसऱ्या कोणी विसरलेल्या वस्तूसारखा. ती मुलगी मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "अम्मा, असं चाललं तर आलेलंही जाईल." मी "सरी", म्हणजे बरं, म्हटलं आणि भांडी घासत राहिले. तेव्हा काही वाटत नव्हतं. वाईट वाटायला हवं, एवढं कळत होतं.

घरात जखमांसाठी आणलेलं स्पिरिट होतं. ते फडक्यावर घेऊन मी रूळ पुसले. फडकं काळं झालं, वळणावर लाल. गाडी ठेवली. तिथेच थांबली.

ते काय करायचे ते आठवून पाहिलं. त्यांच्या हत्यारांच्या डब्यात दोन तारा लावलेला एक छोटा दिवा होता. मी बटण फिरवून ठेवलं आणि त्या तारा दोन्ही रुळांना टेकवत पुढे पुढे गेले. वळणापर्यंत दिवा लागला, पुढे नाही. खाली वाकून पाहिलं. तिथे दोन रूळ जोडणाऱ्या पितळी चिमुकल्या पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या. लिंबाचा रस आत गेला होता. वरून पुसून ते निघणार नव्हतं.

असा सांधा बिघडला की ते वरून बारीक तारेचा तुकडा सोल्डर करायचे, म्हणजे करंट त्या तारेतून पुढे जाई. तार चिमट्यात धरायचं काम माझं. "धर. हलू नकोस," एवढंच बोलायचे.

मी सोल्डरिंग आयर्न तापवलं. खुर्ची कोपऱ्यात नेली आणि चिमटा त्यांच्या डाव्या हातात दिला.

"धरा. हलू नका."

त्यांनी धरला. माझाच हात हलला. रुळाखालची प्लॅस्टिकची पट्टी वितळली आणि घाण वास सुटला. वितळलेल्या कथलाचा एक गोळा भलतीकडे पडला, तो काढून परत केलं. मग दुसऱ्या रुळाला. ते डोळे बारीक करून बघत होते, कारखान्यात दुसऱ्याचं काम बघत असतील तसे.

दिवा टेकवला. वळणाच्या पुढेही लागला.

मी बटण फिरवलं नाही. खुर्ची परत डबीपाशी नेली, त्यांचा उजवा हात बटणावर ठेवला आणि बाजूला झाले. बराच वेळ काही नाही. मग अंगठा सरकला. गाडी सुटली, बोगद्यातून बाहेर आली, वळणावर चढली आणि तिथेच थांबली.

झालं, एवढंच मनात आलं.

पण बटण मागे फिरलेलं होतं. गाडी त्यांनी थांबवली होती, बरोबर त्या सांध्यावर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग अंगठा पुन्हा पुढे नेला. गाडी सांध्यावरून हलली आणि पुढच्या स्टेशनाकडे गेली.

कुकरची शिट्टी झाली. मी गॅस बंद करायला गेले. दुसऱ्या टोकाला पोचलेली गाडी मी उचलून परत पहिल्या स्टेशनावर ठेवावी म्हणून ते डाव्या हाताने फळीवर ठोकत होते.