डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं

शुक्रवार पेठेतली सिद्धेश्वरी घरीच शिवणाचा क्लास घ्यायची. मागच्या वर्षी तिचं हसणं-बोलणं आटलं. भर उन्हाळ्यात थंडी वाजायची, केस गळायचे, कारण नसताना रडू यायचं. क्लास बंद पडला. सासू म्हणायची, "कामाचा कंटाळा, दुसरं काय!" नवरा नंदीश गप्प बसायचा.

शेवटी धाकट्या बहिणीनं तिला नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्ताचा रिपोर्ट बघून ते म्हणाले, "टीएसएच खूप वाढलंय. म्हणजे थायरॉईडची ग्रंथी मंदावलीय. एवढी उदासी त्यातूनही येते. पण ही तपासणी करा म्हणून मी तुमच्या मिस्टरांना गेल्या वर्षीच सांगितलं होतं की!"

घरी येऊन तिनं नंदीशला विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "आई म्हणाली, जन्माच्या गोळ्या मागं लागतील."

"मी वर्षभर स्वतःलाच दोष देत होते. तुम्हाला दिसत होतं ते!"

गोळ्या सुरू झाल्या. काही महिन्यांनी मन हलकं झालं, क्लास पुन्हा भरू लागला. "आता झालं गेलं विसर," नंदीश म्हणाला. पुढच्या तपासणीला तो गाडी काढून दारात थांबला, तेव्हा ती बहिणीबरोबर रिक्षात बसून निघून गेली.