शुभेच्छुक म्हणून माझा फोटो

कुळगावच्या माझ्या चुलतभावाने बांधाच्या भांडणात शेजाऱ्याच्या हातावर फावडं घातलं. हात मोडला. खालच्या कोर्टाने भावाला एक वर्षाची कैद सुनावली. आम्ही कल्याणला वरच्या कोर्टात अपील केलं आणि निकालापर्यंत शिक्षेला स्थगिती मिळून भाऊ जामिनावर घरी आला.

माझं दुकान उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, फ्लेक्स छापायचं. आमच्याकडे बारशापासून बाराव्यापर्यंत सगळ्याला फ्लेक्स लागतो. मग जामीन कोरडा कसा जाऊ देणार? स्थगिती म्हणजे सुटका नव्हे, हे वकिलांनी दोनदा बजावलं होतं. मी दोन्ही वेळा मान डोलावली आणि दहा बाय पंधराचा फ्लेक्स कुळगावच्या नाक्यावर चढवला. गॉगल लावलेला भाऊ, मागे डरकाळी फोडणारा वाघ आणि वर माझी शब्दरचना : ‘आहे कुणाची हिंमत?’ लोक थांबून वाचायचे. मी रिक्षा थांबवून वाचणाऱ्यांना बघायचो.

सुनावणीला आमचे सिंधी वकील गहिवरून बोलले. पहिलाच गुन्हा, घरी म्हातारी आई, अशिलाला मनापासून पश्चात्ताप आहे, कैदेऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडावं. न्यायाधीशांनी चष्मा काढून भावाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मऊ झाला होता, शप्पथ! भावाच्या बायकोने देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली.

तेवढ्यात सरकारी वकीलबाई उठल्या. “एक फोटो दाखवायचाय, सर.”

वाघ! माझा वाघ, न्यायाधीशांच्या हातात!

“हा जामिनानंतरचा?”

“हो सर. जखमी माणसाच्या दारासमोर लावलाय.”

नाका म्हणजे त्याचं दारच, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

“हा पश्चात्ताप?” न्यायाधीशांनी विचारलं.

आमचे वकील माझ्याकडे वळून कुजबुजले, “साईं, ये क्या छाप दिया?” फोटोत खाली शुभेच्छुक म्हणून मी हात जोडून हसत होतो.

अपील फेटाळलं. शिक्षा कायम. पोलिसांबरोबर जाताना भाऊ म्हणाला, “दादा, आत चाललोय. लाव आता फ्लेक्स.”

मी तिथूनच थेट नाक्यावर गेलो, फ्लेक्स उतरवायला शिडी लावून वर चढलो. खाली शेजारी बाहेर आला. वाकडा हात पोटाशी धरून त्याने चांगल्या हाताने शिडी धरली.

“सावकाश,” तो म्हणाला. “तिसरी पायरी हलतेय.”