तांदळात लिहिलेलं ॲशलिंग

लग्नात नवरामुलगा ताटातल्या तांदळावर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितो. तो विधी इथे विलायतेत, स्टॅनमोरच्या हॉलमध्येही होणार म्हणजे होणारच, असं मी जाहीर केलं होतं. होणारी सून आयरिश, नाव ॲशलिंग. अर्थ विचारला तर म्हणाली, "स्वप्न."

"झालं काम! स्वप्ना!" मी मांडीवर थाप मारली.

बायको म्हणाली, "अहो, तिला विचारलंत का?"

"विचारायचं काय त्यात? भाषांतरच तर आहे!"

आणि मी पत्रिकेत 'चि. सौ. कां. स्वप्ना' छापूनही घेतलं.

रविवारी ॲशलिंग पत्रिका हातात घेऊनच आली. "बाबा, ही कोण? तुमचा मुलगा हिच्याशी लग्न करतोय?"

मी हसलो. ती हसली नाही, सांगू लागली. जुने आयरिश कवी म्हणे कवितेत झोपी जायचे आणि स्वप्नात एक सुंदर बाई यायची. ती बाई म्हणजे त्यांचा देश. ती आपलं दुःख सांगायची, चांगले दिवस येतील म्हणायची. अशा कवितेला म्हणायचे ॲशलिंग. मुलींना ते नाव ठेवायला लागले ते फार नंतर.

"आमच्या घरातली आयरिश भाषा आजीबरोबर गेली," ती म्हणाली. "आता हा एकच शब्द उरलाय. तो मी बदलू देणार नाही."

माझा मुलगा 'माझी पुस्तक' म्हणतो तेव्हा घर डोक्यावर घेणारा मी! उरलेल्या पत्रिकांवर तिच्या खऱ्या नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. पत्रिका आधीच पोचलेल्या हाउन्सलोच्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं, की नवरी बदललेली नाही.

पण विधी सोडला नाही. गुरुजी म्हणाले, "नाव तेच, तर तांदूळ कशाला?"

"लिहायला!"

मुलाला देवनागरी धड येत नाही. रोज संध्याकाळी बासमती पसरून त्याच्याकडून गिरवून घेतलं. "बाबा, याची बिर्याणी तरी करू," तो वैतागायचा. "आधी 'ॲ'वरचा चंद्र नीट काढ," मी म्हणायचो.

लग्नात त्याने लिहिलं. चंद्र जरा कलला, पण नाव उमटलं. तिचे वडील ताटावर वाकले. "हेच ते?"

मी एकेका अक्षराखाली बोट फिरवत मोठ्याने वाचलं. त्यांनी मान हलवली. "तसा उच्चार नाही. पुन्हा म्हणा."

पुन्हा म्हटलं. पंगत खोळंबली होती, बायको डोळे वटारत होती. पण त्यांची मान होकारार्थी हलेपर्यंत मी ताटापासून हललो नाही.