देवापुढचं न सुकणारं फूल

आमचे बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. रोज पहाटे फिरायला जातात आणि लोकांच्या कुंपणावरची फुलं तोडून आणतात. देवासाठी तोडलं तर ती चोरी नाही, असा त्यांचा दावा. गेल्या हिवाळ्यात गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या दीदी आमच्या दारात आल्या. "भैया, बाबूजी से कहिए, हमारा गुड़हल छोड़ दें." त्यांच्या जास्वंदीवर एक फूल उरत नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबांना सांगायची माझी छाती नव्हती. मी नर्सरीतून 'कागदी फुलां'ची रोपं आणली; खरीच फुलं, पण पाकळ्या कागदासारख्या कोरड्या. हे डेझीच्या कुळातलं फूल मूळचं ऑस्ट्रेलियाचं. तिकडे मोकळ्या गवताळ माळांवर, वाळूत, खडकाळ उतारांवर आपलं आपण उगवतं. मदन महलच्या टेकडीखाली आमचं अंगण म्हणजे नुसता मुरूम. तिथे तुळस सोडून काही जगलं नव्हतं. ही रोपं मात्र माहेरी आल्यासारखी फोफावली.

बाबांनी पहिलं पिवळं फूल बोटांत चोळून पाहिलं. ते वाळक्या पानासारखं वाजलं. "हे तर निर्माल्यच उगवून राहिलं," म्हणाले. तरी वाहिलं. देवांच्या स्नानाचं पाणी उडताच त्याने पाकळ्या मिटल्या आणि दुपारी कोरडं होताच पुन्हा उघडल्या. आठ दिवस हेच. "जिवंत आहे ते," बाबा म्हणाले. "जिवंत फूल देवावरून काढू कसा?" नवं फूल लागेना. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पण फुलं नकोत म्हटल्यावर बाबांचं फिरणंही सुटलं. पहाटे उठून कानटोपी घालायचे आणि खुर्चीत बसून राहायचे.

"नुसतंच फिरून या ना, बाबा."

"काहून? काम काय आहे माझं बाहेर?"

जेवणही अर्ध्यावर आलं. मला माझ्या शहाणपणाचा संताप आला, आणि भीतीही वाटली. लाज गुंडाळून दीदींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "कल से भेज दीजिए. मैं खिड़की से देखती रहूँगी, गिरें-विरें नहीं."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी ते फूल गुपचूप उचललं, अंगणातली उमललेलीही खुडून टाकली. "उंदरानं नेलं, बाबा. अंगणातलीही खाल्ली." त्यांनी लगेच पिशवी काढली.

तासाभरानं परतले ते पाच जास्वंदी घेऊन, धापा टाकत, गाल लाल. "थोडक्यात वाचलो," कानाशी येऊन म्हणाले. "बाई खिडकीतच उभी होती."