मास्कवरची मोकळी जागा

मंडळी, डोकं फिरलंय. माझ्या आईला ऐकू येत नाही. ती समोरच्याचे ओठ वाचते. म्हणून आमच्या पेडण्यातल्या एका दवाखान्याला मी तोंडापाशी पारदर्शक प्लास्टिक लावलेले मास्क शिवून दिले.

आज आईला घेऊन गेले, तर प्रत्येक मास्कच्या प्लास्टिकवर एका पुढाऱ्याचा हसरा फोटो चिकटवलेला! म्हणे वाटप त्यांच्या हस्ते झालं.

नेमका इथेच का, विचारलं, तर त्यांचा कार्यकर्ता म्हणतो, "बाय, थंयच जागा मोकळी होती."

दुसऱ्याचं तोंड झाकून स्वतःचं थोबाड मिरवायची काय ही हौस!

नर्सबाई गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगत होत्या. आई त्या फोटोकडेच टक लावून बघत राहिली. मग मला म्हणाली, "गे, ह्याचे ओठ हलनत नाय. ह्याका बोलूक येना काय?"